पिवळी पावडर आणि पेशीचा पडदा

प्रश्न: नमस्कार, आम्ही इंदूरला सुदामानगरला राहतो. मुलगा 23 वर्षांचा, जिमचं वेड. परवा त्याच्या ड्रॉवरमध्ये पिवळ्या पावडरच्या कॅप्सूल सापडल्या, एक फुटली तर बोट दोन दिवस पिवळं, साबणानेही जाईना. विचारलं तर म्हणतो, आई हे डीएनपी आहे, ऑनलाइन मागवलंय, पडद्यातून आयन नेणारा रेणू आहे, चरबी आपोआप जळते, लॅबमध्ये असल्या रेणूंची औषधं बनवतायत. रात्री फॅन फुल असूनही त्याची चादर ओली होते. हे खरं आहे का?

उत्तर: ताई, बाकी सगळं नंतर, आधी ती कॅप्सूल बंद आणि मुलाला आजच डॉक्टरकडे न्या. पाकीट फेकू नका, सोबत न्या, डॉक्टरांना काय खाल्लंय ते कळायला हवं. अंग तापत असेल, छाती धडधडत असेल, श्वास भरभर चालत असेल तर सरळ 108 ला फोन करा, सकाळची वाट बघू नका.

तो सायन्स म्हणतोय ते खोटं नाहीये, अर्धं आहे. पेशीचा पडदा आतून तेलासारखा असतो. वाटीत तेल घेऊन मीठ टाका, कितीही ढवळा, तळाशीच बसतं ना, तसेच आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, या पडद्यातून आपणहून जात नाहीत आणि आपलं शरीर याच अडवणुकीवर चालतं. पेशीतली मायटोकॉन्ड्रिया नावाची छोटी ऊर्जाघरं जेवणातली ऊर्जा वापरून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, स्वतःच्या अशाच पडद्यापलीकडे ढकलतात, मग ते एका ठराविक वाटेने परत येतात आणि येता येता एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं, अगदी आपल्या ओंकारेश्वरच्या धरणात पाणी टर्बाइनमधून सोडतात तसं. पीटर मिचेल या शास्त्रज्ञांनी हे 1961 ला मांडलं, 1978 ला त्यांना नोबेल मिळालं.

आता डीएनपी, म्हणजे डायनायट्रोफिनॉल. हा बाहेरच्या बाजूला प्रोटॉन उचलतो, त्याने त्याचा स्वतःचा चार्ज जातो, मग तो तेलात आरामात शिरतो आणि आत जाऊन प्रोटॉन सोडतो. रिकामा झाल्यावर चार्ज परत येतो पण तो सगळ्या रेणूवर पसरलेला असतो, म्हणून तसाच माघारीही जातो आणि पुढचा प्रोटॉन उचलतो, फेऱ्यांवर फेऱ्या. थोडक्यात धरणाच्या भिंतीलाच भोकं पडली, पाणी वाहतंय पण वीज नाही, सगळी ऊर्जा नुसती उष्णता होते. चरबी जळते, वजनही उतरतं, मी नाही म्हणत नाही. पण तान्ह्या बाळाच्या शरीरात ऊब यायला असंच एक प्रथिन काम करतं ते शरीराच्या ताब्यात असतं, हा रेणू कुणाच्याच ताब्यात नसतो. आणि नेहमीचा ताप मेंदू ठरवतो म्हणून पॅरासिटामॉलने उतरतो, इथे उष्णता पेशीपेशीत तयार होतेय, ती गोळी काही करू शकत नाही. याला उतारा नाही. हॉस्पिटलमध्ये बर्फाने अंग गार करत राहतात आणि वाट बघतात, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर तुम्हाला माहितीच आहे.

हे नवीनही नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळा कारखान्यांतले कामगार याने घामाघूम होऊन वाळले, काही मेले. 1933 पासून अमेरिकेत हेच वजन कमी करायला दिलं गेलं, तरण्याताठ्या बायकांना मोतीबिंदू झाले, माणसं गेली, 1938 ला तिथल्या सरकारने माणसाच्या पोटात जाण्यालायक नाही असं ठरवलं. आज तेच ऑनलाइन फॅट बर्नर म्हणून तरुण मुलांना विकतात, याचा मला खरंच संताप येतो.

लॅबमधलं म्हणाल तर हो, आयन नेणारे रेणू मुद्दाम बनवतात, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही यावर काम चालतं. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात पेशीच्या पडद्यातली क्लोराइड आयनची वाट बंद पडते आणि फुप्फुसात चिकट कफ साठतो, तिथे बाहेरून क्लोराइड नेणारा रेणू देता आला तर, असा विचार आहे. पण त्यात सगळा जीव कशात जातो सांगू, हवा तोच आयन धरायचा, पलीकडे गेल्यावर सोडायचा (फार घट्ट धरला तर तो सोडतच नाही) आणि नको त्या पेशीत शिरायचं नाही. निसर्गातला व्हॅलिनोमायसिन नावाचा रेणू सोडियमपेक्षा पोटॅशियम दहा हजार पट पसंत करतो, तरी तोही विषारीच. मग तुमच्या मुलाच्या कॅप्सूलमध्ये किती मिलिग्राम भरलंय हे तर कुणी मोजलेलंही नसणार, आणि रोज घेतलं की आधीचं पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचं साठत जातं, म्हणून कालपर्यंत काही झालं नाही असं तो म्हणाला तरी ऐकू नका, गाडीत बसवा.