जॉन राजाची कबर लंडनला नाही, वुस्टरला आहे

इंग्लंडच्या जॉन राजाची कबर बघायची आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि तुमचा ट्रॅव्हलवाला म्हणतोय, 'सगळे राजे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्येच, तिकीट काढून टाकू.' वाचून डोकंच फिरलं, कारण मलाही अगदी हेच ऐकवलं होतं. मी जॉनचं नाव घेऊन विचारलं तरी माझ्या एजंटच्या ऑफिसातल्या बाईंनी समोरची फाइलसुद्धा उघडली नाही. पुढे पैसे परत मागितले तर उत्तर काय, 'कुठल्या राजाची कबर ते कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेलं नाही.' म्हणजे चूक यांची आणि भुर्दंड आपल्याला! तेव्हा हो म्हणण्याआधी ठिकाणाचं नाव लेखी घ्या. सगळे एजंट असेच असतात असं नाही, पण मी तरी आता कुणावर विसंबत नाही.

राजांना वेस्टमिन्स्टरला पुरण्याची रीत रुळली ती जॉनच्या मुलापासून, तिसऱ्या हेन्रीपासून. तरीही दुसरा एडवर्ड ग्लॉस्टरला आहे, चौथा हेन्री कँटरबरीला. जॉन 1216 च्या ऑक्टोबरमध्ये नेवार्क या गावी हगवणीने गेला. बंडखोर सरदार आणि फ्रेंच राजपुत्र लुई यांच्याशी लढाई चालूच होती. वुस्टरचा जुना बिशप संत वुल्फस्टन याच्यावर त्याची श्रद्धा, म्हणून मृत्युपत्रात त्याने पुरण्यासाठी वुस्टरचं कॅथीड्रल मागितलं. ते मृत्युपत्र आजही तिथेच जपलेलं आहे.

कबर मुख्य वेदीच्या समोर आहे. खालची पेटी ट्यूडर काळातली, वरचा निजलेला पुतळा मात्र तेराव्या शतकातला, पर्बेक नावाच्या इंग्लिश दगडाचा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन चिमुकले बिशप आहेत. पायाशी सिंह आहे आणि त्याने राजाच्या तलवारीचं टोक तोंडात धरलंय. ते वाकून नीट बघा, बहुतेक लोक चेहऱ्याचा फोटो काढून पुढे सरकतात. 1797 मध्ये कबर उघडली तेव्हा सांगाडा आतच सापडला. लोकांनी आठवण म्हणून हाडंसुद्धा पळवली म्हणे. एकोणिसाव्या शतकात कुणाच्या तरी डोक्यातून पुतळ्याला सोनेरी मुलामा द्यायची कल्पना निघाली. पुढे तो काढला, बरंच झालं.

शेजारीच राजपुत्र आर्थरचं चॅपल आहे, आठव्या हेन्रीचा हा थोरला भाऊ. ते चुकवू नका.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून वुस्टरची गाडी धरा आणि तिथल्या फोरगेट स्ट्रीट स्टेशनला उतरा, तिथून चालत जाता येतं. प्रवेशाला तिकीट नाही, देणगी ऐच्छिक. तरी प्रार्थनेच्या वेळा आदल्या दिवशी वेबसाइटवर बघून घ्या. आणि वेस्टमिन्स्टरही करायचंच असेल तर रविवार टाळा, त्या दिवशी पर्यटकांना आत सोडत नाहीत.