‘निवडक’ औषध की चोखंदळ औषध?

प्रश्न असा आला आहे: अर्धशिशीवरच्या औषधांविषयीचा लेख मराठीत आणायचा आहे. ‘सेरोटोनिन रिसेप्टर’ला (सेरोटोनिन हे शरीरातलं निरोप्या रसायन, रिसेप्टर म्हणजे त्याला धरून निरोप घेणारं पेशीवरचं प्रथिन) ‘सेरोटोनिन ग्राहक’ आणि ‘सिलेक्टिव्ह’, म्हणजे मोजक्याच रिसेप्टरांना धरणाऱ्या, औषधाला ‘निवडक औषध’ म्हटलं तर चालेल का?

‘ग्राहक’ सोडून द्या. व्युत्पत्तीने शब्द चोख आहे, पण ग्राहक मंच, ग्राहक पंचायत ऐकत वाढलेल्या कानाला ‘सेरोटोनिनचे ग्राहक’ म्हणजे दुकानापुढची रांगच वाटणार. त्यापेक्षा ‘ग्राही’ बरा. गुणग्राही, सारग्राही यांमुळे तो आपल्या ओळखीचा आहे. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. वैद्यांच्या भाषेत सुंठ, जिरे ही ‘ग्राही’ द्रव्यं, म्हणजे पातळ मल बांधणारी. आणि शरीरातलं ९० टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन तयार होतं ते आतड्यातच! तेव्हा पोटाविषयी लिहिताना ‘सेरोटोनिन-ग्राही’ असं जोडूनच लिहा.

खरा घोळ ‘निवडक’चा आहे. मारक, शामक, ग्राहक यांतला ‘क’ कर्ता दाखवतो: मारणारा, शमवणारा, घेणारा. निवडक, वेचक यांतला ‘क’ दिसायला तसाच, पण चालीने उलटा. निवडक कविता म्हणजे निवडलेल्या कविता; त्या स्वतः काही निवडत नाहीत. ‘वेचक-वेधक’ या आपल्या लाडक्या जोडीत तर दोन्ही ‘क’ शेजारी नांदतात: वेचक म्हणजे वेचलेलं, वेधक म्हणजे वेधून घेणारं. म्हणून ‘निवडक वेदनाशामके’ वाचणाऱ्याला ‘काही ठरावीक गोळ्या’ एवढाच अर्थ लागेल. ‘निवडक औषधे स्वस्त’ अशी बातमी असते ना, तसा.

आणि इथे तर सगळी मदार औषध कुणाला धरतं नि कुणाला सोडतं यावर आहे. माणसाच्या शरीरात सेरोटोनिनच्या ग्राहींचे सुमारे १४ प्रकार. राय धान्यावरच्या अरगट बुरशीतून मिळणारं अर्गोटामाइन हे अर्धशिशीवरचं जुनं औषध त्यांतल्या अनेकांना जाऊन चिकटतं. २०१३ मध्ये ५-एचटी-१बी आणि ५-एचटी-२बी (५-एचटी हे सेरोटोनिनचंच रासायनिक नाव) या दोन ग्राहींच्या रचना प्रसिद्ध झाल्या, दोन्हींच्या पोटात हेच अर्गोटामाइन बसलेलं. सेरोटोनिन जिथे बसतं ती आतली खाच दोन्हींत जवळपास सारखी. फरक तोंडाशी: १बीमध्ये प्रथिनाचं पाचवं वेटोळं तीनेक अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेलं, त्यामुळे खाचेचं तोंड रुंद. तीन अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा तिसरा हिस्साही नाही! पण २बीला टाळून १बी गाठायचा तर रसायनशास्त्रज्ञाला असाच फरक हाताशी धरावा लागतो. २बीला डिवचलं की काय होतं ते फेनफ्लुरामाइनने दाखवून दिलं: वजन घटवायला घेतलेल्या या औषधाने हृदयाच्या झडपा जाड होऊ लागल्या आणि १९९७ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. १बीसुद्धा अगदी निरुपद्रवी नाही. तो रक्तवाहिन्या आवळतो, म्हणून १बी आणि १डीवर काम करणारं सुमाट्रिप्टान हृदयविकाराच्या रुग्णाला देत नाहीत. लॅस्मिडिटान हे १एफ ग्राहीवरचं औषध, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं, ही अडचण टाळण्यासाठीच घडवलेलं.

हिंदीतला ‘चयनात्मक’ अर्थाने ठीक आहे, पण मराठी वाक्यात तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो. माझं मत ‘चोखंदळ’ला. चोखंदळ वाचक, चोखंदळ गिऱ्हाईक: निवड करणारा तोच, हे ऐकताक्षणी कळतं. कुणी म्हणेल, रेणूला कसली आवडनिवड? तो खाचेत बसतो किंवा बसत नाही. कबूल, पण मग ‘सिलेक्टिव्ह’ही तेवढंच लाक्षणिक आहे. रूपक नकोच असेल तर आपलं घरचं क्रियापद आहेच: लागू पडणं. ‘हे औषध मुख्यतः १एफ ग्राहीलाच लागू पडतं’ या वाक्यात पारिभाषिक शब्दाची गरजच उरत नाही.

‘नॉन-सिलेक्टिव्ह’ला काय म्हणायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण लेखात लागेलच. मी ‘सरसकट’ वापरेन: अर्गोटामाइन सरसकट, लॅस्मिडिटान चोखंदळ.