आधी नावं, मग तुझं नाव

तुला अनेक आशीर्वाद.

तुझी एक्सेल शीट मिळाली. रविवारी रात्री चष्मा लावून दोनदा वाचली. २०२७ ला लॉ स्कूल, २०३२ ला स्टेट हाउस, २०३८ ला सिनेट आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. खाली लिहिलंयस, "मावशी, आपल्या जॉर्जियाच्या स्टेसी एब्रम्सनं असंच सगळं केलं आणि तरी ती गव्हर्नरच्या निवडणुकीत दोनदा हरली. तिनं सुरू केलेली संस्थासुद्धा बंद पडली. मग मी या रस्त्याला लागू का?" आणि त्याच्याही खाली, जाता जाता विचारल्यासारखं, "तू स्वतः कधीच उभी का नाही राहिलीस? घाबरलीस का?"

फोनवर बोलले असते तर चिडून बोलले असते. म्हणून लिहितेय, आणि मराठीतच लिहितेय. सहा वर्षं मराठी शाळेत आलीस तू. वाचायला वेळ लागला तर लागू दे.

शीटची गंमत सांगते. एब्रम्स अठरा वर्षांची असताना, स्पेलमन कॉलेजात होती तेव्हा, प्रेमभंग झाला म्हणून कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसली आणि पुढच्या चाळीस वर्षांत काय काय करायचं ते तिनं लोटसच्या शीटवर मांडलं. त्यात अटलांटाचं महापौर होणं होतं. महापौर ती कधीच झाली नाही. तेव्हा शीट कर, बाई, त्याला माझी ना नाही. पण तुझ्या शीटमध्ये मला एक गोष्ट सापडली नाही. इतक्या रकान्यांत फक्त तू आहेस. दुसऱ्या एकाही माणसाचं नाव नाही.

आधी नावं, मग तुझं नाव. पोस्टकार्डं लिहायला बसवलं होतं तेव्हाही हेच सांगितलं होतं, आज परत सांगते. तुझं एक नाव मतपत्रिकेवर चढायचं तर आधी शेकडो माणसांची नावं मतदारयादीत चढलेली हवीत, आणि चढलेली टिकलेली हवीत.

तू तिची गोष्ट शेवटाकडून वाचतेस. २०१८ ला हरली, २०२२ ला हरली, संपलं. मी तुला २००७ पासून वाचायला सांगते. त्या वर्षी ती जॉर्जियाच्या हाउसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, जाऊन बसली. १८० सदस्यांचं सभागृह, दोन-दोन वर्षांची मुदत, जानेवारीपासून कामकाजाचे ४० दिवस आणि तेव्हाचा पगार वर्षाला १७ हजार डॉलरच्या आसपास. २०१० च्या निवडणुकीत तिच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं पानिपत झालं, राज्यपातळीवरचं एकेक पद हातचं गेलं, आणि त्या उरल्यासुरल्या गटाची नेता म्हणून तिला निवडलं. जॉर्जियाच्या विधिमंडळात एखाद्या पक्षाचं नेतृत्व करणारी ती पहिली बाई. ऐकायला छान वाटतं. पण अल्पमतातली नेता म्हणजे काय, तर हात वर झाले की हरायचं. रोज.

अशा जागी बसून तिनं काय केलं ते बघ. २०११ ला करपद्धती बदलणारं बिल आलं. ही मुळात टॅक्सची वकील. तिनं आकडे मांडून दाखवलं की ८२ टक्के लोकांचा एकूण कर वाढणार आहे. मग त्या हिशेबाची एकेक प्रत हाउसमधल्या प्रत्येक आमदाराच्या टेबलावर ठेवली, आपल्याही आणि त्यांच्याही. बिल पडलं. त्याच वर्षी होप स्कॉलरशिपचा, म्हणजे राज्य कॉलेजच्या मुलांना देतं त्या शिष्यवृत्तीचा, पैसा आटत चालला होता. रिपब्लिकन गव्हर्नर नेथन डील यांच्याशी बोलणी करून तिनं कपातीला हो म्हटलं आणि लहान मुलांचे प्री-केचे, म्हणजे बालवाडीचे, पूर्ण दिवसाचे वर्ग वाचवले. सात वर्षांनी तिच्याच पक्षाच्या उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत ही तडजोड तिच्या तोंडावर फेकली गेली. तुझ्या शीटमध्ये अशा वर्षांसाठी रंग कुठला ठेवलायस?

आणि मग २०१३. त्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टानं शेल्बी काउंटीच्या खटल्यात १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टमधली, म्हणजे मतदानहक्काच्या कायद्यातली, एक मोठी तरतूद निकामी केली. तिच्यामुळे जॉर्जियासारख्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलायच्या आधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागत असे. ती आडकाठी गेली. याच सुमारास तिनं सुरू केलेली ती संस्था, न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट, उभी राहिली आणि २०१४ च्या निवडणुकीआधी या लोकांनी मतदार नोंदणीचे ८०,००० हून अधिक अर्ज भरून घेतले. एका अर्जामागे एक दार, एक कुत्रा, एक "आत्ता वेळ नाही." मी त्या उन्हाळ्यात त्यांच्यात पहिल्यांदा गेले. मला वाटलं होतं भाषणं ऐकायला मिळतील. हातात क्लिपबोर्ड मिळाला.

क्लिपबोर्ड हातात आल्यावर मला आमचे आण्णा आठवले. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. यादीचं काम आलं की बाकीचे गुरुजी कुरकुरत, आण्णा मे महिन्याच्या उन्हात रजिस्टर काखेत मारून वाडीवाडीवर जात. बायका नाव सांगायच्या नाहीत. "लिहा, धोंडीबाची मंडळी." आण्णा ओट्यावर बसून राहत. पाणी मागत, पिकापाण्याचं बोलत, पण ती बाई स्वतःच्या तोंडानं स्वतःचं नाव सांगेपर्यंत उठत नसत. ते नेहमी सांगायचे की १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशी लिहिलेली सुमारे २८ लाख बायकांची नोंद यादीतून काढावी लागली होती, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांतली. "अठ्ठावीस लाख," असं म्हणून ते बोट वर करायचे. मी लहान होते, मला ते बोट तेवढं आठवतं.

तिकडे सरकार रजिस्टर घेऊन दारात येतं. इथे तुला जावं लागतं. पत्ता बदललास, तू कळव. लग्नानंतर नाव बदललंस, तू कळव. बरीच वर्षं मतदान केलं नाहीस, घरी आलेल्या कार्डाला उत्तर दिलं नाहीस, तर नाव जातं. २०१७ च्या जुलैत जॉर्जियात एका झटक्यात पाच लाखांहून अधिक नावं रद्द झाली. त्यात मेलेली माणसं होती, राज्य सोडून गेलेली होती, हे खरंच आहे. पण इथेच राहणारीही होती. ती कोण, हे दारोदार गेल्याशिवाय कळत नाही.

त्याच वर्षीच्या कायद्यानं अर्जावरचं नाव सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळलं पाहिजे असं ठरलं. आपल्या नावांचं काय होतं तुला माहीत आहे. मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव कधी माहेरचं, एका कागदावर स्पेलिंगमध्ये दोन ए, दुसऱ्यावर एक. ऑक्टोबर २०१८ मध्ये बातमी आली की ५३,००० अर्ज अडकून पडलेत आणि त्यातले जवळजवळ ७० टक्के कृष्णवर्णीयांचे आहेत. निवडणुकीचा कारभार ज्यांच्याकडे होता ते सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रायन केम्प स्वतःच एब्रम्सच्या विरोधात गव्हर्नरपदाला उभे. आणि आपल्यासारख्या, ग्रीन कार्डवर असताना लायसन्स काढून नंतर नागरिक झालेल्यांचा आणखी वेगळा घोळ. जुन्या नोंदीत "नागरिक नाही", म्हणून अर्जावर खूण.

आता जे लिहिणार आहे ते मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

आमच्या कॉलनीत एक आजोबा होते. पुण्याहून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले, सत्तरीनंतर अमेरिकेचे नागरिक झालेले. त्यांचा अर्ज मी भरला होता. सप्टेंबरमध्ये त्यांना एक पत्र आलं. मी चहाला गेले तेव्हा ते टेबलावर पडलेलं मी पाहिलं, उघडून वाचलंसुद्धा. नागरिकत्वाचा पुरावा द्या, एवढंच. मला त्या संध्याकाळी एका मोठ्या सभेची तयारी करायची होती, खुर्च्या मोजायच्या होत्या. "नंतर बघू, आजोबा," म्हणाले. नंतर विसरले. ६ नोव्हेंबरला ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटे गेले. तिथे पुरावा मागितला. आधीच्या शुक्रवारीच फेडरल कोर्टानं सांगितलं होतं की अशा माणसानं मतदान केंद्रावर पुरावा दाखवला तर त्याला मत देऊ द्या. पासपोर्ट घरी कपाटात होता, दहा मिनिटांवर. पण आजोबांना वाटलं, हे आपल्याला चोर समजतायत. मुलाला कामावरून बोलवायचं नाही म्हणून ते गप्प घरी आले. पुढच्या वर्षी ते वारले. या देशात त्यांनी एकही मत दिलं नाही. मी खुर्च्या मोजत होते.

म्हणून तू मला सभांचे फोटो पाठवतेस ना, तेव्हा मी लाइकचा अंगठा पाठवत नाही.

त्या वर्षी एब्रम्स सुमारे ५५,००० मतांनी हरली. १६ नोव्हेंबरच्या भाषणात तिनं केम्प गव्हर्नर होणार हे मान्य केलं, पण मी हार मान्य करते असं म्हणायला नकार दिला. तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. २०२० ला ट्रम्पनी हार मानली नाही, तेव्हापासून तुझ्या वर्गातली मुलं तुला याच भाषणावरून टोचतात, हे तू मागे लिहिलं होतंस. माझं आजचं मत सांगते: ते वाक्य तिनं बोलायला हवं होतं. हरले, आणि यादी चुकीची आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाला बोलता येतात. तिच्या फेअर फाइट या दुसऱ्या संस्थेचा, इथल्या निवडणूक पद्धतींविरुद्धचा खटला चार वर्षं चालला आणि ३० सप्टेंबर २०२२ ला न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी तो फेटाळला. पद्धती निर्दोष नाहीत, पण संविधान किंवा व्होटिंग राइट्स ॲक्ट मोडणाऱ्याही नाहीत, असा निकाल. तो मान्य करायचा. मी केला. त्यानं आजोबांचं मत परत आलं नाही आणि माझी चूकही पुसली गेली नाही.

मग उपयोग काय झाला, विचारतेस. २०२० ला बायडन जॉर्जियात ११,७७९ मतांनी जिंकले. १९९२ नंतर पहिल्यांदा त्यांचा पक्ष इथे जिंकला, आणि जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या फेरीच्या मतदानात सिनेटच्या दोन्ही जागा आल्या. हे एकट्या एब्रम्सचं नाही. न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट चालवणारी न्से युफॉट होती, ब्लॅक व्होटर्स मॅटर संस्थेची लटोशा ब्राउन होती, नाव कुठेच न छापलेल्या हजारो बाया होत्या. पण ११,७७९ हा आकडा तू शीटच्या पहिल्या रकान्यात लिही. एवढी माणसं मी तुला आपल्या आसपासच्या कॉलन्यांच्या यादीत दाखवते. आणि समोरच्या पक्षाच्या माणसाचं नाव यादीत नसेल तर तेही चढवायचं. आण्णांनी ओट्यावर बसून कधी विचारलं नाही की मत कोणाला देणार.

न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट बंद पडला, हो. एब्रम्स २०१७ मध्येच त्यातून बाहेर पडली होती. २०१८ च्या निवडणुकीतला खर्च नीट जाहीर केला नाही म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ३ लाख डॉलरचा दंड झाला आणि त्याच वर्षी गाशा गुंडाळला. मला त्याचा राग आहे. दुसऱ्यांच्या नावांची काळजी घेणाऱ्यांनी स्वतःच्या वहीची घ्यायला नको? तू खजिनदार हो कुठेतरी, वर्षभर तरी. भाषण नंतर शीक.

आता, घाबरलीस का.

१९९८ ला वायटूकेच्या लाटेत मी इथे आले. भारतीय पासपोर्ट सोडवेना म्हणून नागरिक व्हायला २०१३ उजाडलं. कितीतरी निवडणुका मी सोफ्यावर बसून पाहिल्या, त्याची खंत मला कायम आहे. २०१७ मध्ये मला स्थानिक जागेसाठी उभं राहा म्हणून तीन बायका घरी आल्या होत्या. मी नाही म्हटलं. लोक म्हणाले उच्चाराला लाजते, नवऱ्यानं अडवलं असेल, पैसे नसतील. यातलं काही खरं नव्हतं. माझ्या हातात तेव्हा ३१० घरांची यादी होती आणि मी उभी राहिले असते तर ती कोणी पुढे नेली नसती. आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं मी. कुठे काय जुळत नाही ते शोधणं हेच मला येतं. एका माणसानं उभं राहायचं तर दहांनी यादी सांभाळायची, आणि मी त्या दहांतली झाले. कोणी याला भीती म्हणो. मी ती यादी अजून सांभाळतेय. आज ती ४६२ घरांची आहे.

तू मात्र उभी राहा. मी तुला अडवत नाहीये, नीट वाच. लॉ स्कूलला जा, पण कर्जाचा आकडा आईबाबांसमोर ठेवून जा. एब्रम्स २०१८ ला उभी राहिली तेव्हा तिच्या डोक्यावर दोन लाख डॉलरहून जास्त देणं होतं आणि तिनं ते स्वतःच जाहीर सांगितलं. हाउससाठी २१ वर्षं वय, राज्यात दोन वर्षं आणि त्या मतदारसंघात एक वर्ष राहिलेली असायला हवीस. यावरून आठवलं. तू आता कॉलेजच्या अपार्टमेंटमध्ये राहतेस, लायसन्सवर अजून घरचाच पत्ता आहे. राज्याचं मतदारनोंदणीचं 'माय व्होटर पेज' उघड आणि तुझं स्वतःचं नाव कुठल्या पत्त्यावर आहे ते बघ. आज रात्रीच बघ आणि मला कळव.

शनिवारी नऊला ये. पोहे करते. तुझ्या आईच्या गल्लीतली १४ दारं अजून राहिली आहेत.

तुझी,
मावशी