व्हीएआर: मोजायचं तिथे सुधारणा, ठरवायचं तिथे वाद कायम

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. व्हीएआर (व्हिडिओ असिस्टंट रेफरी, म्हणजे टीव्हीच्या खोलीत बसून रिप्लेवर निर्णय तपासणारा पंच) आल्यापासून फुटबॉलमधली पंचगिरी खरंच सुधारली, की मैदानावरचं भांडण फक्त टीव्हीच्या खोलीत गेलं? आणि आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, ते आणावं का? पहिल्या भागाचं उत्तर ‘सुधारली’ असंच आहे. पण किती सुधारली, हे कोणता निर्णय आहे यावर ठरतं. सगळे निर्णय एकाच टोपलीत टाकून वाद घातला की दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटतं.

रेफरीपुढचे प्रश्न दोन जातींचे असतात. चेंडू पूर्ण रेषेपार गेला का, खांदा ऑफसाइड (पास देताना आक्रमक बचावफळीच्या पुढे) होता का, फाउल पेनल्टी बॉक्सच्या आत झाला की बाहेर, कार्ड योग्य खेळाडूला दाखवलं का, हे मोजून किंवा नीट पाहून सांगता येतं. धक्का किती जोराचा, हात शरीरापासून अनैसर्गिकपणे लांब होता का, टॅकल नुसतं उशिराचं की धोकादायक, हे कुणाला तरी ठरवावंच लागतं.

मोजण्याच्या प्रश्नांत सगळ्यात निर्मळ यश गोलरेषा तंत्रज्ञानाचं. २०१० च्या विश्वचषकात ब्लोमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या बराच आत पडला, तरी गोल मिळाला नाही. २०१२ मध्ये आयएफएबीने, म्हणजे खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने, या तंत्रज्ञानाला परवानगी दिली. हॉक-आयच्या पद्धतीत प्रत्येक गोलवर सात कॅमेरे रोखलेले असतात आणि चेंडू पूर्ण आत गेला की सेकंदाच्या आत रेफरीच्या घड्याळावर खूण येते. खेळ थांबत नाही, कुणाला काही विचारावं लागत नाही.

तरी तेही एकदा चुकलं. १७ जून २०२० ला इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या अ‍ॅस्टन व्हिला–शेफील्ड युनायटेड सामन्यात व्हिलाचा गोलकीपर चेंडू छातीशी धरून रेषेच्या आत गेला. गोलकीपर, बचावपटू आणि खांब मिळून सातही कॅमेऱ्यांच्या आड आले आणि घड्याळ गप्प राहिलं. इथे खरी चूक माणसांची झाली असं माझं मत आहे. व्हीएआरला तो प्रसंग रिप्लेमध्ये पाहून रेफरीला सांगता आला असता. पण यंत्राने काही म्हटलं नाही म्हणजे गोल नसणारच, असं गृहीत धरलं गेलं. सामना ०-० सुटला आणि हंगामाअखेर व्हिला एका गुणाने खालच्या विभागात जाण्यापासून वाचला. यंत्रावरचा विश्वास वाढला की डोळ्याने खात्री करायची सवय सुटते, हा धोका प्रत्येक नव्या उपकरणासोबत येतो.

ऑफसाइडला लोक ‘मोजणी’ समजतात, पण हाताने रेषा आखायच्या पद्धतीत ती जितकी अचूक दिसते तितकी नसते. हिशेब करून बघा. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम टिपत असेल, तर दोन फ्रेममध्ये २० मिलिसेकंद जातात. ८ मीटर प्रतिसेकंद वेगाने धावणारा फॉरवर्ड तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे सरकतो. बचावपटू उलट दिशेने ५ मीटरच्या वेगाने बाहेर येत असेल, तर दोघांमधलं अंतर एका फ्रेममागे २६ सेंटिमीटरने बदलतं. नियम म्हणतो, पास देणाऱ्याचा चेंडूला पहिला स्पर्श झाला तो क्षण धरा. तो क्षण दोन फ्रेमच्या मध्ये पडला असेल तर कोणती फ्रेम निवडायची हे माणूसच ठरवतो. त्यावर खांद्याची हद्द काखेच्या तळाशी कुठे संपते, तो बिंदूही हाताने ठेवायचा. एवढी ढिलाई पोटात असताना नखाएवढ्या फरकाने गोल नाकारणं चुकीचंच होतं. प्रीमियर लीगने २०२१-२२ पासून रेषा जाड केल्या आणि दोन रेषा एकमेकींना टेकल्या तर फायदा आक्रमकाला द्यायला सुरुवात केली, ते याचमुळे.

२०२२ च्या कतार विश्वचषकातली अर्धस्वयंचलित पद्धत या अडचणीवरचा खरा उपाय आहे. स्टेडियमच्या छताखाली १२ खास कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपलेले, आणि चेंडूच्या आतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारा. त्यामुळे पासचा क्षण शोधताना २० ऐवजी २ मिलिसेकंदांचा अंदाज पुरतो. इक्वेडोरच्या एनेर व्हॅलेन्सियाचा उद्घाटनाच्या सामन्यातला तिसऱ्याच मिनिटाचा गोल याच पद्धतीने रद्द झाला. मात्र ‘अर्ध’ हा शब्द महत्त्वाचा. ऑफसाइड जागी उभ्या खेळाडूने खेळात अडथळा आणला का, हे अजूनही माणूसच ठरवतो. शिवाय गर्दीत ही पद्धत अडखळते. १ मार्च २०२५ ला इंग्लंडच्या एफए कपमधल्या बोर्नमथ–वुल्व्ज सामन्यात बॉक्समध्ये इतके खेळाडू एकमेकांना चिकटून होते की यंत्राला ते वेगळे काढता आले नाहीत. मग जुन्या पद्धतीने रेषा आखाव्या लागल्या आणि सगळी तपासणी सुमारे आठ मिनिटं चालली.

आता ठरवण्याच्या प्रश्नांकडे. व्हीएआर मार्च २०१८ मध्ये नियमपुस्तकात आलं, तेव्हा त्याला चारच दारं ठेवली होती: गोल, पेनल्टी, थेट रेड कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. त्यातही चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असली पाहिजे, किंवा मोठा प्रसंग पंचांच्या नजरेतून पूर्णपणे निसटलेला असला पाहिजे. म्हणजे खोलीत बसलेल्याने ‘मी काय दिलं असतं’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘मैदानावरच्याने दिलेलं उघडउघड चूक आहे का’ एवढंच बघायचं. सगळी गाडी इथेच घसरते, कारण ‘उघड’ कशाला म्हणायचं हे पुन्हा ज्याच्या त्याच्या नजरेवर.

मंजुरीच्या वेळी बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठाच्या अभ्यासाचा आधार दिला गेला होता. आठशेहून अधिक सामन्यांत, तपासणीच्या कक्षेतल्या निर्णयांची अचूकता ९३ टक्क्यांवरून ९८.९ टक्क्यांवर गेली. आकडा मला पटतो, पण तो वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ९३ टक्के मुळातच चांगले होते, म्हणजे सुधारणा मोजक्याच प्रसंगांत होते. आणि ‘अचूक’ कोणतं हे शेवटी पंचगिरीतले जाणकारच ठरवतात. हँडबॉलवर त्यांचं आणि प्रेक्षकांचं एकमत नसतं, त्यामुळे आकडा वर गेला तरी समाधान वाढत नाही.

रिप्लेचा वेग हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. संथ चित्रणात साधी धडकही जाणूनबुजून केल्यासारखी दिसते, हात चेंडूकडे ‘नेलेला’ वाटतो, आणि त्याच टॅकलला पंच जास्त कडक शिक्षा सुचवतात. म्हणून स्लो-मोशन फक्त वस्तुस्थितीसाठी वापरायचं, म्हणजे स्पर्श कुठे झाला, चेंडू हाताला लागला का, बॉक्सच्या आत की बाहेर. जोर आणि हेतू बघायचा तर नेहमीच्या वेगात. रेफरी मैदानाकडेच्या मॉनिटरपाशी पोहोचतो तेव्हा पडद्यावर स्पर्शाच्या क्षणाचं गोठवलेलं चित्र आधीच लावलेलं असेल, तर त्याचं मन तिथेच अर्धं बनतं. आधी पूर्ण प्रसंग सलग, मग दुसरा कोन, आणि गरज पडली तरच संथ, हा क्रम पाळायला हवा.

व्हीएआर नसलेल्या २०१४ च्या विश्वचषकात १३ पेनल्टी दिल्या गेल्या होत्या, व्हीएआर असलेल्या २०१८ मध्ये २९. काही योग्यच होत्या, आधी कुणी पाहत नव्हतं इतकंच. पण त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला चेंडू लागल्यावरून फ्रान्सला मॉनिटर पाहून दिलेली पेनल्टी ‘उघड चूक’ या कसोटीला उतरत होती, असं मला आजही वाटत नाही.

यंत्र बरोबर, माणसं हुशार, तरी निर्णय चुकीचा, असंही होतं. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम–लिव्हरपूल, स्कोअर ०-०. लिव्हरपूलच्या लुइस डियासने गोल केला, सहायकाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. खोलीतल्या तपासणीत डियास स्पष्ट ऑनसाइड निघाला. पण व्हीएआरचा समज असा होता की मैदानावर गोल दिलेला आहे. त्याने ‘तपासणी पूर्ण’ कळवलं, आणि रेफरीने त्याचा अर्थ ‘ऑफसाइड कायम’ असा घेतला. खेळ सुरू झाल्यावर रिप्ले चालवणाऱ्याच्या लक्षात घोळ आला, पण नियमाने मागे जाता येत नव्हतं. खेळ पुन्हा सुरू झाला की मारामारी, थुंकणं, चावणं यांसारखे रेड कार्डाचे प्रसंग किंवा खेळाडूची चुकलेली ओळख, एवढंच नंतर उघडता येतं. लिव्हरपूल २-१ हरलं. यावरचा उपाय कुठल्या नव्या कॅमेऱ्यात नव्हता. ‘मैदानावरचा निर्णय: ऑफसाइड. तपासणी: ऑनसाइड. शेवटचा निर्णय: गोल’ अशी तीन वाक्यं दर वेळी मोठ्याने म्हटली असती तर हे घडलं नसतं. ज्या स्पर्धेत पंचांना या बोलण्याची तालीम दिलेली नाही, तिथे व्हीएआर आणू नये.

किंमतही मोजावी लागते. चुकीने खेळ थांबू नये म्हणून सहायक पंच झेंडा उशिरा वर करतात. मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तैवो अवोनियी अशाच एका चालीत गोलखांबावर आदळला, त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या चालीत त्याआधीच ऑफसाइड झालेला होता. जिथे ऑफसाइड दोन-तीन पावलांचा आहे, तिथे झेंडा लगेच वर गेला पाहिजे. स्टेडियममधल्या प्रेक्षकांचा रागही मला रास्त वाटतो. गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं हेच कळत नाही. स्वीडनने मुख्यतः चाहत्यांच्या विरोधामुळे व्हीएआर घेतलंच नाही. इंग्लंडमध्ये जून २०२४ ला वुल्व्जने ते बंद करायचा ठराव आणला, तो १९ विरुद्ध १ ने पडला.

आता आपल्याकडचं. भारतात व्हीएआर कधी वापरलंच नाही, हा समज चुकीचा आहे. २०२२ च्या १७ वर्षांखालील महिला विश्वचषकात ते होतं. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत ते सामने झाले. पण ती फिफाची स्पर्धा, यंत्रणा फिफाची. आयएसएल २०२४-२५ च्या हंगामापर्यंत त्याशिवायच खेळलं गेलं. व्हीएआरच्या बाजूने नेहमी ३ मार्च २०२३ चा बंगळुरू–केरळ ब्लास्टर्स सामना पुढे केला जातो. जादा वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीने केरळच्या खेळाडूंची भिंत उभी राहत असतानाच फ्री-किक मारून गोल केला, केरळचा संघ मैदान सोडून गेला आणि पुढे त्यांना ४ कोटींचा दंड झाला. पण फ्री-किक चटकन घ्यायला परवानगी होती का, हा प्रश्न त्या चार दारांतून आत येतच नाही. व्हीएआर असतं तरी तो गोल बहुधा राहिलाच असता.

आयएसएलसाठी मला फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट जास्त योग्य वाटतं. फिफाने २०२४ मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात त्याची चाचणी घेतली. यात वेगळी खोली नाही, खास व्हीएआर पंच नाहीत. प्रत्येक प्रशिक्षकाला दोन फेरतपासण्या मागता येतात, मागणी बरोबर निघाली तर ती शाबूत राहते, आणि रेफरी स्वतः मॉनिटर पाहून निर्णय देतो. क्रिकेटमधला डीआरएस बघणाऱ्याला हे दोन मिनिटांत समजतं. चार-पाच कॅमेऱ्यांत भागतं. मर्यादा एकच: एवढ्या कॅमेऱ्यांत ऑफसाइडची बारीक रेषा आखता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये.

सुरुवात कॅमेऱ्यांच्या जागांपासून करावी. मधल्या मुख्य कॅमेऱ्यासोबत दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या रेषेत उंचावर एकेक कॅमेरा आणि दोन्ही गोलांमागे एकेक, हे पाच प्रत्येक मैदानावर त्याच जागी हवेत. फातोर्ड्याला एक कोन आणि कोलकात्याला दुसराच, असं असेल तर एकाच प्रकारच्या फाउलला दोन ठिकाणी दोन निर्णय लागतील.