कळा कमरेत येतात तेव्हा

प्रिय पोरी,

परवा रात्रपाळी संपल्यावर तू केलेला फोन अजून माझ्या कानात आहे. पहिलटकरीण, गर्भपिशवीचं तोंड सहा तास पाच सेंटिमीटरवरच, पोटावर हात ठेवला तर कळ मध्यम वाटते आणि बाई मात्र ‘कंबर मोडली, कंबर मोडली’ म्हणून आकांत करते. तुमच्या वॉर्डातलं कुणीतरी म्हणालं, नाटकं आहेत. तू गप्प बसलीस आणि घरी जाऊन रडलीस. ती नाटकं नव्हती. तुझ्या सांगण्यावरून मला जवळजवळ खात्री आहे की ते बाळ ओपी (ऑक्सिपिटो-पोस्टिरिअर) होतं. डोकं खाली, पण पाठ आईच्या पाठीला लागलेली आणि तोंड पुढे, पोटाच्या बाजूला. पाय आधी आलेल्या बाळाला आपल्याकडे पायाळू म्हणतात. या बाळाला आणि त्याच्या आईच्या दुखण्याला लोकांच्या तोंडी नाव नाही, म्हणून ते नाटक वाटतं.

का दुखतं ते नीट समजून घे. बाळाच्या डोक्याचा मागचा, टणक भाग प्रत्येक कळेला आईच्या कमरेखालच्या चपट्या हाडावर घासतो, रेटतो. शिवाय अशा बाळाची हनुवटी बहुतेक वेळा छातीला पुरती टेकलेली नसते. हनुवटी टेकली की डोकं साडेनऊ सेंटिमीटरच्या मापाने वाटेत शिरतं. मान ताठ राहिली की तेच माप साडेअकरापर्यंत जातं. वाट तीच, डोकंही तेच, फक्त मानेचा फरक. आणि बाहेर येण्यासाठी डोक्याला नेहमीच्या ४५ अंशांऐवजी १३५ अंश वळावं लागतं. एवढं वळायला वेळ लागणारच. कळा सुरू होतात तेव्हा दहातली दोन-तीन बाळं अशीच असतात. बहुतेक वळतात. जन्माच्या क्षणापर्यंत तशीच राहणारी शंभरात पाचच्या आसपास. म्हणजे अशा बाईजवळ तुझं मुख्य काम आहे वाट पाहणं. ही वाट रजिस्टरात डोकं घालून पाहायची नसते, तिच्याजवळ बसून पाहायची असते.

माझ्या पहिल्या वर्षातली एक रात्र तुला सांगते. आजवर कुणाला सांगितलेली नाही. तालुक्याच्या ठिकाणी होते तेव्हा. ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी आली, तुझ्याच वयाची. आल्यापासून ती फरशीवर गुडघे टेकून, खाटेचा काठ धरून ओणवी राहायची. मी तिला दोनदा उठवून टेबलावर उताणं झोपवलं. ‘बाई, पाठ फुटतीया’ म्हणाली, तर मी म्हणाले, ‘सगळ्यांनाच दुखतं.’ तोंड आठ सेंटिमीटर असताना तिला जोर करावासा वाटू लागला आणि मी करू दिला. करू दिला कसला, करायलाच लावला. तासाभराने तपासलं तर पिशवीच्या तोंडाचा पुढचा ओठ डोक्याखाली चेपून सुजला होता आणि डोकं जागचं हललं नव्हतं. पहाटे जिल्ह्याला पाठवली, तिथे सिझर झालं. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. टाके काढायला ती आमच्याकडेच आली. सिझरबद्दल, दुखण्याबद्दल, माझ्या बोलण्याबद्दल एक शब्द काढला नाही. जाताना एवढंच म्हणाली, ‘रातभर कुणी कमरंला हात न्हाई लावला.’

मी उताणं झोपवलं नसतं तर ती नक्की मोकळी झाली असती, असं मी म्हणणार नाही. सिझर कदाचित तरीही लागलं असतं. पण तिच्या कमरेवर हात ठेवणं माझ्या हातात होतं.

आता ओळखायचं कसं. घाईत असलीस तरी पोट आधी डोळ्यांनी बघ. बेंबीखाली बशीसारखा खळगा दिसतो. हाताला बाळाची पाठ सापडत नाही, समोरच हातापायांचे छोटे उंचवटे लागतात, आणि ठोके मध्याजवळ न मिळता कुशीकडे, बाजूला लांब मिळतात. आतून तपासताना बोटांना समोर, पुढच्या हाडाच्या बाजूला, मोठी टाळू लागली तर समज. शंकरपाळ्याच्या आकाराची असते, चार कोपऱ्यांना चार शिवणी. छोटी टाळू त्रिकोणी, तीन शिवणींची, ती मागे पाठीकडे राहते. लेबर लांबली की डोक्यावर सूज येते आणि शिवणी कळेनाशा होतात. तेव्हा अनुभवी हात कान शोधतो. कानाचा मोकळा काठ ज्या दिशेला, त्या दिशेला डोक्याची मागची बाजू. हे डॉक्टर किंवा मोठ्या सिस्टर सोबत असताना शिकून घे. उगाच पुन्हापुन्हा बोटं घालू नकोस, जंतू आत जातात आणि बाई हैराण होते. आणखी एक. ही सूज खाली उतरलेली दिसली की डोकंच उतरलं असं वाटतं. म्हणून पोटावरून डोकं किती लागतं ते दर वेळी बघ. माझी खरी चूक तिथेच झाली होती.

कमरेचं सांगते, कारण हे कुठल्याच प्रोटोकॉलच्या तक्त्यात तुला नीट मिळणार नाही. तळहाताची टाच माकडहाडाच्या वरच्या चपट्या भागावर ठेवायची. कळ सुरू होताना दाब सुरू करायचा, कळ चढेल तसा वाढवायचा, उतरेल तसा हळूहळू सोडायचा. चोळायचं नाही, दाबायचं. दोन्ही कोपरं सरळ ठेव आणि अंगाचा भार टाक, नुसत्या मनगटाने दाबलंस तर अर्ध्या तासात तुझाच हात जाईल. हाताला थोडं खोबरेल लाव, नाहीतर तिची कातडी सोलवटते. जागा तिलाच विचार: ‘वर का खाली?’ ती बरोब्बर सांगते. काहींना दोन्ही कुल्ल्यांवर बाजूंनी आत दाबलेलं बरं वाटतं. कळांच्या मधे गरम पाण्याची पिशवी, फडक्यात गुंडाळून. तू एकटी चार बायकांना पुरणार नाहीस, म्हणून तिच्या आईला, जावेला आत घे आणि दाबायला शिकव. २०१७ मध्ये प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी सरकारचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला, त्यात सोबतीण आत असावी हे स्पष्ट आहे. कुणी अडवलं तर तेवढं शांतपणे सांग.

तिला ओणवं राहावंसं वाटलं तर खाली स्वच्छ चटई टाकून राहू दे. खाटेला टेकून उभी राहू दे, चालू दे, कुशीवर झोपू दे. कळा चालू असताना ओणवं राहिल्याने कंबरदुखी हलकी होते. बाळ त्यानेच वळेल असं वचन मात्र देऊ नकोस. आणि ‘शेवटच्या महिन्यात फरशी पुसली असतीस तर बाळ फिरलं असतं’ असं तिची सासू म्हणू लागली तर तिथल्या तिथे थांबव. ऑस्ट्रेलियात अडीच हजारांवर गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. ३७ आठवड्यांपासून रोज ओणवं राहून व्यायाम केलेल्या आणि न केलेल्या बायकांत जन्माच्या वेळच्या स्थितीत फरक पडला नाही. वार (प्लासेंटा) गर्भपिशवीच्या पुढच्या भिंतीला असली तर बाळ असं बसण्याचा कल जास्त असतो, त्यात आईचा काय दोष? एवढं ऐकून तिचा चेहरा कसा बदलतो ते बघ.

लघवी दर दोन तासांनी करायला लाव. भरलेली पिशवी डोक्याची वाट अडवते, आणि दुखण्यात बाईला लघवीची जाणीवच राहत नाही. घोट घोट पाणी, पेज, चहा चालू ठेव.

तोंड पूर्ण उघडण्याआधीच जोर करावासा वाटणं हे या बाळांचं ठरलेलं आहे, कारण डोकं मागे गुदाशयावर दाबतं. ‘कळ दे, कळ दे’ म्हणून ओरडू नकोस. तिला कुशीवर घे आणि गरम चहावर घालतो तशी छोटी छोटी फुंकर मारायला सांग. तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तूही मार.

आणि दोन गोष्टी तुझ्यासमोर कुणीही करत असलं तरी तू करायच्या नाहीत. बाळ बाहेर यावं म्हणून वरून पोट दाबायचं नाही. बाळ व्हायच्या आधी कळा वाढवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दंडात किंवा कुल्ल्यात द्यायचं नाही. सलाइनमधून द्यायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, थेंब मोजून, जिथे सिझरची सोय आहे तिथेच. अडलेल्या डोक्यावर आंधळी कळ लादली की गर्भपिशवी फाटू शकते.

ठोके पहिल्या टप्प्यात निदान अर्ध्या तासाला, जोराच्या टप्प्यात पाच मिनिटांना. ११० ते १६० च्या बाहेर राहू लागले, पाणी हिरवं आलं, कळा चांगल्या असून तोंड पुढे सरकेना, किंवा बाई जोर करतेय आणि पोटावरून डोकं तेवढंच लागतंय, तर डॉक्टरांना उठव. रागावले तरी उठव. गाडी लागणार असेल तर १०८ ला वेळेत फोन कर. डॉक्टर हाताने डोकं फिरवतील, व्हॅक्यूम लावतील किंवा सिझर करतील. त्यात तुझी हार नाही आणि तिचीही नाही, हे तिला गाडीत बसवताना सांग.

बाळ न वळता तसंच बाहेर येऊ लागलं तर घाबरू नकोस. आधी पुढच्या हाडाखाली कपाळ दिसतं. लगेच तोंड सोडवायला जाऊ नकोस, मान दुमडलेलीच राहू दे, मागचा भाग आधी निघू दे, मग तोंड आपोआप सुटतं. खालच्या भागाला आधार दे, इथे तो नेहमीपेक्षा जास्त ताणला जातो आणि फाटलं तर खोलवर फाटतं. नंतर चांगला उजेड घेऊन नीट बघ, गुदद्वारापर्यंत तपासायला डॉक्टरांना सांग. माझ्या हातावर असं पहिलं बाळ आलं ते दिव्याकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून, आणि रडण्याआधी क्षणभर त्याने माझ्याकडेच पाहिलं. त्याच्या आईच्या कमरेवर तिच्या थोरल्या जावेने चार तास हात धरला होता. बाळ झाल्यावर दोघीही एकदमच रडल्या.

पुढच्या रजेत इकडे ये. मी पालथी पडते, तू माझ्या कमरेवर दाबून दाखव. किती भार हवा, ते मी सांगते.

तुझी,
मोठी सिस्टर