खापरं धुणारी ताई आणि एमपीएससीचा क्लास

कराडहून एक वडील लिहितात: मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, विषय वनस्पतिशास्त्र. सुट्टीत विद्यापीठाच्या पुरातत्त्व शिबिराला गेली आणि आता शिबिर चालवणाऱ्या ताई-दादांसारखंच काम करायचं म्हणते. उन्हात खापरं धुणं हे काय करिअर झालं? सायन्सवाल्याचं तिथं काम तरी काय? आम्ही पुण्यात एमपीएससीच्या क्लासची फी भरलीय. शिबिराची वही सध्या कपाटात कुलपात ठेवलीय. तिला समजवा.

उत्तर:

समजवायचं तुम्हालाच आहे. कुलपात ठेवलीत ती वही म्हणजे खोदकामाची रोजची नोंद असते. कुठल्या थरात, किती खोलीवर, काय मिळालं, माती कशी होती, हे जागेवरच लिहावं लागतं, कारण एकदा खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. पोरीनं भर उन्हात हे नेटानं लिहिलं आणि तुम्ही ते काढून घेतलंत. फी भरतानाही तिला विचारलं नाहीत. मला तिच्या करिअरपेक्षा याची जास्त काळजी वाटते. वही आजच परत द्या. एखादं पान तिच्याकडून समजावून घ्या.

सायन्सचं काम विचारता, तर ते वनस्पतिशास्त्रवाल्यांइतकं चांगलं थोड्यांनाच जमतं. खोदकामात सापडलेल्या चुलीजवळची, कणगीतली माती पाण्यात कालवतात. जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरून सुकवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचे तिथले शेतकरी मुख्यतः सातू, म्हणजे जव, पिकवत होते, हे अशाच जळक्या दाण्यांवरून कळलं. दाणा सातूचा की गव्हाचा, हे सांगायला वनस्पतिशास्त्रच लागतं.

वाट ठरलेली आहे: डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए, पुढे नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएचडी, किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या संस्थेचा दोन वर्षांचा डिप्लोमा. एमपीएससी त्यानंतरही देता येते.

आता मुलीला स्पष्ट सांगतो. शिबिरात प्रमुख प्राध्यापक असतात, पण ट्रेंच म्हणजे खोदकामाचा खड्डा सांभाळणारे, आराखडे काढणारे, खापरांवर नंबर टाकून घेणारे बहुतेक जण संशोधक विद्यार्थी असतात. त्यांना शिष्यवृत्ती नाहीतर प्रकल्पाचं मानधन मिळतं, आणि प्रकल्प संपला की तेही थांबतं. कायमच्या जागा थोड्या, जाहिराती उशिरानं निघतात. वडिलांची धास्ती अगदीच खोटी नाही. त्या ताईंनाच सरळ विचार: मानधन किती, पुढच्या वर्षी काय, पावसाळ्यात खोदकाम बंद असतं तेव्हा काय करता? तेव्हा महिनोन् महिने टेबलाशी बसून खापरांची वर्गवारी, मोजमापं, अहवाल चालतात. शिबिरात तुला हे दिसलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत परवानगी घेऊन त्या कामाला बस, मग ठरव.

आणि दादा, क्लासवाल्यांना फोन करून बॅच वर्षभर पुढं ढकलता येते का ते विचारा. फोन लावताना तिला शेजारी बसवा.