०.६७ आलं, तरी पूर्ण गुण का नाहीत?

प्रश्न : बाई, माझी मुलगी आठवीत आहे. वर्गात प्रश्न होता : १/११ + १/१२ + १/१३ + … + १/२० ही बेरीज २/३ पेक्षा मोठी की लहान? तिने प्रत्येक अपूर्णांक दोन दशांश स्थळांपर्यंत काढला, बेरीज ०.६७ आली, म्हणून ‘मोठी’ लिहिलं. उत्तर बरोबर, तरी गुण अर्धेच. हे योग्य आहे का?
— एक पालक, मिरज

उत्तर : माझ्या मते योग्य आहे. दोन स्थळांपर्यंत घेताना प्रत्येक पदात ०.००५ पर्यंत फरक पडू शकतो, दहा पदांत मिळून ०.०५. आणि ०.६७ व २/३ यांतलं अंतर जेमतेम ०.००३३! अंदाज किती चुकू शकतो हे ठाऊक नसेल, तर त्यावरून मोठं-लहान ठरवता येत नाही. वर्गात मी यावर फार अडून बसते. तिने चार स्थळं घेतली असती तर बेरीज ०.६६८७ आली असती, चूक फार तर ०.०००५, आणि मी पूर्ण गुण दिले असते.

लसाविच्या वाटेला मात्र जाऊ नका. तो २३,२७,९२,५६० येतो.

ढोबळ अंदाज सोपा. दहाही पदं किमान १/२० आहेत, म्हणून बेरीज १/२ पेक्षा जास्त. याच युक्तीने चौदाव्या शतकात फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी १ + १/२ + १/३ + … ही बेरीज हवी तेवढी वाढत जाते हे दाखवलं. आपल्याला इथे त्याहून बारीक काम हवं.

पहिलं पद शेवटच्याशी जोडा : १/११ + १/२० = ३१/२२०. मग १/१२ + १/१९ = ३१/२२८. पुढे ३१/२३४, ३१/२३८, ३१/२४०. पाचही जोड्यांचा अंश ३१! सगळे छेद २४० धरले तर बेरीज किमान १५५/२४०, म्हणजे ०.६४५८. २/३ ला अजून कमीच.

आता छेदांची सरासरी घ्या : ११६० भागिले ५, म्हणजे २३२. धन संख्या वेगवेगळ्या असतील तर त्यांच्या व्यस्तांची सरासरी ही सरासरीच्या व्यस्तापेक्षा नेहमी मोठी असते. २ आणि ६ घेऊन पाहा : १/२ व १/६ यांची सरासरी १/३, पण २ व ६ यांची सरासरी ४, तिचा व्यस्त १/४. म्हणून आपली बेरीज १५५/२३२ पेक्षा मोठी, आणि १५५/२३२ म्हणजे ०.६६८१. झालं सिद्ध, तेही कॅल्क्युलेटरला हात न लावता. खरी बेरीज ०.६६८८ आहे, पाच जोड्यांतून इतकं जवळ जाता येतं याचा मला आजही आनंद होतो.

तिला पुढचं द्या : १/१०१ ते १/२०० ही बेरीजही २/३ पेक्षा मोठी आहे का? पन्नास जोड्या, प्रत्येकीचा अंश ३०१. छेदांची सरासरी २१,८१७ आली, की तिची मांडणी मला पाठवा.